अल्सरचं खापर मिरचीवर नको

‘रोज तिखट खाल्लं की अल्सर होणारच’ हे तिखट खाण्याच्या तोट्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. पोटातल्या अल्सरची, म्हणजे आतल्या अस्तराला पडणाऱ्या जखमेची, दोन मोठी कारणं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि काही वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये या जिवाणूचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. 2005 मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना या जिवाणूच्या शोधासाठी नोबेल मिळालं, तरी आपल्याकडे आरोपी अजून मिरचीच!

आमच्या जळगावच्या मोठ्या काकांना अल्सर झाला, तेव्हा घरात सगळ्यांनी शेवभाजीला दोष दिला. काका बिचारे वरण-भातावर आले, पण दुखणं हटेना. गुडघ्यांसाठी ते रोज उपाशीपोटी औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या घ्यायचे, हे एंडोस्कोपीनंतर डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. गोळ्या बंद झाल्या, उपचार झाले, आता काका पुन्हा ठेचा मागतात (काकू देत नाहीत, तो भाग वेगळा).

तिखटाने काहीच होत नाही, असं मुळीच नाही. ज्यांना आम्लपित्त किंवा मूळव्याधीचा त्रास आहे, त्यांची जळजळ वाढते, अल्सर असेल तर दुखणंही वाढू शकतं. पण मिसळीवरच्या तर्रीत तेल किती असतं आणि लोणच्यात मीठ किती, यावर लेखात एक ओळही नाही. रक्तदाबवाल्यांनी मिरचीआधी त्या मिठाकडे बघावं. आणि महिनाभर पोट दुखत असेल, तर ताक पीत बसण्यापेक्षा तपासणी करून घ्या.