‘स्टीव्ही रे सहाही तारा हाणायचा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गिटारवर नको त्या तारा गप्प ठेवण्याबद्दल (म्यूटिंग) आणि पिक (तार छेडायची चकती) नेमकं चालवण्याबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावर ‘हे सगळं पुस्तकी आहे. स्टीव्ही रे व्हॉन सहाच्या सहा तारा हाणायचा, त्याला म्यूटिंग कुणी शिकवलं? उगाच पोरांना घाबरवू नका. जाड पिक घ्या, नटजवळ (मानेच्या टोकाला) हेअर बँड बांधा, झालं,’ असं तुम्ही लिहिलंत. मतभेद चालतील हो, पण ‘उगाच’ आणि ‘झालं’ हा सूर कशाला? इतकी वर्षं गिटार शिकवतोय ते काय पोरांना घाबरवायला?

पिकचं मान्य. एक मिलिमीटरच्या आसपासचं पिक कमी वाकतं, त्यामुळे नेम बरा बसतो.

आता स्टीव्ही रे, तो अमेरिकन ब्लूज गिटारवादक. हाणायचा सहाही, पण वाजायच्या किती? टेक्सास शफलमध्ये (ब्लूजचा डुलता ठेका) त्याचा उजवा हात इतका मोकळा सुटतो तो डाव्या हाताच्या भरवशावर. हवी ती तार दाबलेली, बारीक तारांवर बोटं आडवी टेकलेली, सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर मानेवरून आलेला अंगठा. पिक सगळ्यांवरून फिरतं, सूर एकच येतो, बाकीच्या नुसत्या ‘चक्’ करतात. हे म्यूटिंग नाही तर काय आहे? उदाहरण तुम्ही दिलंत, बाजू माझी मांडलीत. आणि टेकवायला शक्यतो दोन बोटं घ्या. एकच बोट हलकं लागलं आणि ते नेमकं पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर (मानेवरची आडवी पट्टी) असलं, तर तार गप्प न बसता हार्मॉनिक, म्हणजे घंटेसारखा उंच सूर देते.

हाणण्यापेक्षा जास्त घाण होते ती बेंड (तार ढकलून सूर चढवणं) सोडताना. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला अनामिकेने एक पूर्ण सूर चढवा. वर सरकताना बोट चौथ्या तारेला ढकलतं, कधी ती नखाखाली अडकते. बेंड उतरला की ती सुटते आणि घुमते. उपाय तर्जनीचा: ती मागे पाचव्या-सहाव्या फ्रेटपाशी ठेवा, टोक चौथ्या तारेला भिडलेलं, बाकीचं बोट दुसऱ्या-पहिल्या तारेवर सपाट. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) सहा, पाच, चारवर. कड पुढे सरकली तर तुमचा सूरही बद्द होतो, मागे गेली तर म्यूटच होत नाही. क्लीन टोनवर (न फाटलेल्या आवाजावर) यातलं बरंच झाकलं जातं. गेन (आवाज फाटवणारं बटण) वाढवा, एक फ्रेज वाजवा, थांबा, आणि मागे काय उरतं ते ऐका.

पिकिंगला मी रेस्ट स्ट्रोक सुचवला, त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, कारण लेख तिथवर वाचलाच नसावा. तिसऱ्या तारेवरचा खालचा फटका दुसऱ्या तारेवर येऊन थांबतो. पिकला अंतर कळतं, दुसरी तारही गप्प राहते. वरच्या फटक्याला हा आधार नाही, म्हणून तार बदलताना नेम तिथेच चुकतो. मेट्रोनोम ६० वर, दोनच तारा, पिकचं टोक तारेखाली जेमतेम एक-दोन मिलिमीटर. जास्त खोल गेलं की अडकतं.

राहिला हेअर बँड. तो फक्त मोकळ्या तारा दाबतो. दाबलेल्या तारेच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही, आणि ई (E) सुरातल्या शफलला ज्या मोकळ्या तारा लागतात त्यांचा मात्र गळा आवळतो. बांधा आणि तुमच्या त्या लाडक्या स्टीव्ही रेचं काहीही वाजवून बघा.