पी-५३चा मुद्दा राहून गेला

मूलपेशींवरच्या (इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या पेशींवरच्या) प्रयोगांचा तुमचा लेख वाचला. क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापणाऱ्या तंत्राने, प्रत्येक पेशीत एकेक जनुक बंद करून कोणत्या मूलपेशी मागे पडतात ते कसं पाहतात, हे त्यात छान उलगडलंय. पण एक गोष्ट सुटली. मानवी मूलपेशींना डीएनएचा काप सोसत नाही; पी-५३ हे पेशीतलं पहारेकरी प्रथिन जागं होतं आणि बऱ्याच पेशी मरतात. २०१८मध्येच हे प्रसिद्ध झालंय. त्यामुळे पी-५३ गमावलेल्या पेशी पुढे निघाल्या, तर त्या नुसत्या काप सोसून वाचलेल्या असू शकतात; त्याचं श्रेय लगेच स्वनूतनीकरणाला (मूलपेशीच राहून वाढत राहण्याला) देऊ नये. क्रिस्परची कात्री म्हणजे कॅस-९ हे प्रथिन; त्याचं न कापता जनुक नुसतं दाबणारं रूप इथे बरं.

मी परळला प्रयोगशाळेत याच पेशी सांभाळते. रविवारीसुद्धा लोकल पकडून माध्यम (पेशी वाढतात तो पोषक द्रव) बदलायला जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या वसाहतीची कड घट्ट, चकचकीत दिसली की जीव भांड्यात पडतो. कडेच्या पेशी पसरट व्हायला लागल्या, म्हणजे मूलपेशीपण सोडू लागल्या, की धस्स होतं.