स्टील वाकत नाही म्हणे!

काल धाकट्याने फॉरवर्ड पाठवला, "दादा, हे खरंय का?" असल्या मेसेजकडे मी ढुंकूनही बघत नाही, पण त्याच्या गाडीचं इंजिन सध्या उघडून पडलंय, म्हणून लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं: इंजिनचे पार्ट वाकत नाहीत, घर्षण म्हणजे भार गुणिले 0.1, कॉम्प्युटरवरची गणितं थोतांड, आणि बेअरिंगचे शेल (क्रँकभोवती बसणारे दोन अर्धवर्तुळाकार पत्रे) सांध्यापाशी, म्हणजे दोन अर्धे जुळतात तिथे, पातळ लागले तर माल खराब, मागे फॉइल घालून बसवा.

फॉइलचं आधी घेतो, कारण त्यात इंजिन जाईल. अरे, ते शेल मुद्दाम पातळ केलेले असतात! एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना पिस्टन वरच निघालेला असतो, त्याला रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, खाली खेचतो. 6000 आरपीएमला, क्रँकची त्रिज्या 40 मिमी धरली तर अर्ध्या किलोचा पिस्टन साधारण एक टनाने रॉड ओढतो. रबरी बांगडी वरखाली ताणली की बाजूंनी आत येते ना, तसंच बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, भोक बाजूंनी आवळतं, नेमकं सांध्यापाशी. तिथे जागा हवी म्हणून शेल पातळ. 50 मिमीच्या जर्नलला (शेलमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) सगळा क्लिअरन्सच, म्हणजे मधली फटच, 50 मायक्रॉनच्या आसपास, त्यात हे फॉइल कोंबायला सांगतायत!

0.1 हा आकडा ऑइलचा थर फाटून धातू धातूला घासतो तेव्हाचा, अखंड थरावर तो 0.01 किंवा त्याहून कमी असतो. आणि थर कुठे फाटणार हे वाकण्यावरच ठरतं. पार्ट कडक धरले की गणितात सगळा भार चिमूटभर जागेवर येतो आणि दाब भलताच वर जातो, प्रत्यक्षात बेअरिंग ज्यात बसतं ते घर थोडं दबतं, भार पसरतो. पण म्हणून घर्षण दरवेळी कमीच निघतं असंही नाही, कधी दुसरीकडेच कड घासते.

थोतांड म्हणणाऱ्यांसाठी: डाउसन आणि हिगिन्सन या संशोधकांनी 1959 मध्येच पृष्ठभागाचं दबणं आणि ऑइलचा दाब एकत्र सोडवून दाखवलाय, गिअर-कॅमसारख्या ठिकाणांसाठी. आणि होनिंगवाला (सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, घासून नीट करणारा) ब्लॉकवर आधी जाड प्लेट का आवळतो? हेडचे बोल्ट आवळले की बोअर वाकडा होतो म्हणूनच ना?

बरं, कच्च्या अंदाजाला कडक पार्ट धरून चालतं, ऑइलच्या थराचं मूळ गणित मांडणाऱ्या रेनॉल्ड्सने 1886 मध्ये तेच केलं. तेवढं मान्य.

धाकट्या, फॉइल फेक. शेलची पाठ कोरडी पूस, कॅप टॉर्कला आवळ, प्लास्टिगेजने (चेपल्यावर रुंदीवरून फट सांगणारा मऊ धागा) क्लिअरन्स मोज आणि आकडा मला पाठव.