मॉरिशसला गोल्फ खेळायला जाताय? मग रोज खेळू नका

आमच्या गोल्फच्या ग्रुपवर सध्या मॉरिशसचा बेत शिजतोय. एका एजंटने पाठवलेला कार्यक्रम काल वाचला: सहा दिवस, पाच कोर्स, रोज उजाडताच गाडी. मला तो अजिबात पटलेला नाही. असे कार्यक्रम पुण्या-मुंबईच्या बऱ्याच खेळाडूंच्या गळ्यात मारले जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

बेट नकाशावर चिमुकलं दिसतं. लांबी जेमतेम ६५ किलोमीटर, रुंदी ४५. पण पूर्व किनाऱ्यावरून नैर्ऋत्येच्या बेल ओंब्रला जायला दीड तास सहज मोडतो, कारण रस्ते गावागावांतून, उसातून वळत जातात. रोज किनारा बदलायचा म्हणजे निम्मी सुट्टी गाडीत. त्यापेक्षा आधी पूर्वेला मुक्काम करावा, मग दक्षिणेला. मुक्काम ठरवताना एक गोष्ट जरूर विचारा: काही हॉटेलांच्या दरात ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचं शुल्क, धरलेली असते. तिथे थोडं महाग हॉटेलही शेवटी स्वस्त पडतं.

महिना कुठला, हा खरा प्रश्न. तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, त्यातले जानेवारी ते मार्च हे महिने वादळांचे आणि पावसाचे. जून ते ऑगस्ट हवा गार, पण आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे तेव्हा पूर्व किनारा झोडपतात, आणि जून-जुलैत संध्याकाळी सहालाच अंधारतं. दुपारचा टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) घेतला तर शेवटची होल अंधुक उजेडात खेळावी लागतात. माझं मत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बाजूने आहे.

एकच कोर्स खेळायचा असेल तर इल ओ सेर्फ. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरने आखलेला हा कोर्स पूर्वेच्या खाडीतल्या एका छोट्या बेटावर आहे, बोटीनेच जावं लागतं. अठराही होलांवरून समुद्र दिसतो. अरुंद फेअरवे (चेंडू मारायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्या), काळे ज्वालामुखी खडक, तळी, कडेला कांदळवन, आणि या सगळ्यावर वारा. चेंडू भरपूर न्या. शंभर मीटरचा शॉट वाऱ्याविरुद्ध कुठल्या क्लबने (काठीने) मारायचा हे तिथे नव्याने शिकावं लागतं, आणि एका राउंडमध्ये ते जमत नाही. म्हणूनच म्हणतो, पाच कोर्स एकेकदा खेळण्याऐवजी हा एकच कोर्स दोनदा खेळा. पहिल्या दिवशी चुकलेला शॉट दुसऱ्या दिवशी नीट बसतो, तो आनंद यादीवर टिकमार्क करून मिळत नाही.

दुसरा बेल ओंब्रचा शातो कोर्स, पीटर मॅटकोविचने आखलेला. इथे फेअरवे मोकळे आहेत, हात सोडून मारता येतं. २०१७ च्या मॉरिशस ओपन स्पर्धेत आपला भारतीय गोल्फपटू अर्जुन अटवाल इथेच प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा खेळापर्यंत, पोचला होता, डिलन फ्रिटेलीकडून हरला. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे समुद्र, मध्ये साखर मळ्याच्या जुन्या खुणा. ही जमीन उसाची होती. दक्षिण आफ्रिकेचा गोल्फपटू अर्नी एल्सने आखलेला पूर्वेचा अनाहिता कोर्ससुद्धा साखर मळ्याच्याच जमिनीवर उभा आहे. युरोपने २००६ पासून मॉरिशसकडून घ्यायच्या साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा मळेवाल्यांनी हॉटेलं, व्हिला आणि गोल्फकडे आणखी जोराने मोर्चा वळवला.

आणि तो ऊस कुणी लावला? १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या आपल्या माणसांनी. त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज पश्चिमेच्या कास्कावेलसारख्या गावांत राहतात आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मराठी माणसाने त्या हिरवळीवर खेळून, हे काही न पाहता विमानात बसावं, याचं मला फार वाईट वाटतं. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर हे मजूर उतरत, युनेस्कोने २००६ साली तो जागतिक वारसा ठरवला. बघायला एक सकाळ पुरते. कास्कावेलला गणपतीच्या दिवसांत जायला मिळालं तर सोन्याहून पिवळं.

इतिहासाची आवड असेल तर वाक्वा गावचा गोल्फचा जिमखानाही पाहा. ब्रिटिश लष्कराच्या काळातला, १८४४ सालचा क्लब. मात्र वाक्वा पठारावर आहे, किनाऱ्यावर ऊन असताना तिथे पाऊस असू शकतो. छत्री बॅगेत ठेवा.

तर ग्रुपवाल्यांनो, माझा प्रस्ताव असा: इल ओ सेर्फ दोनदा, बेल ओंब्र एकदा, एक दिवस पोर्ट लुई आणि कास्कावेल, उरलेला वेळ घरच्यांसोबत समुद्रावर. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास लागतात, आधी व्हिसा काढायची कटकट नाही. गोल्फ बॅगचं वजन तिकिटात धरलंय का हे बुकिंगच्या आधी विचारून घ्या, नंतर विमानतळावर फार पैसे जातात. ज्यांना सप्टेंबर चालेल त्यांनी खाली लिहा, म्हणजे एजंटला नवा कार्यक्रम मागता येईल.