इराक युद्ध, तेल आणि निओकॉन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेच्या इराक युद्धामागे निओकॉन विचारसरणी होती, म्हणजे लष्करी बळावर परदेशातल्या राजवटी बदलून लोकशाही आणावी हा विचार होता, असं मी लेखात मांडलं. त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'युद्ध तेलासाठी झालं, निओकॉन वगैरे सगळ्या पुस्तकी गप्पा. एसीत बसून वाचलेलं इथे उतरवू नका.' मतभेदाला माझी कधीच ना नसते. पण 'एसीत बसून' हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिलंत? माझ्याबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे?

मार्च 2003 मध्ये मी कुवेतमध्ये नोकरीला होतो. सायरन वाजला की आम्ही सगळे रूमवाले एका खोलीत शिरायचो. खिडक्यांच्या कडांना चिकटपट्टी आधीच मारलेली असायची, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा आणि गप्प बसून राहायचं. रासायनिक अस्त्रं येतील ही भीती तेव्हा खरी होती. ती अस्त्रं नव्हतीच, हे नंतर कळलं. मग हे युद्ध झालं तरी कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. म्हणून वाचलंय. भरपूर वाचलंय. वाचण्याला तुम्ही शिवी समजत असाल, तर बोलणंच खुंटलं.

लेखात तेलाला एकच परिच्छेद मिळाला, हे खरं. तेवढं मान्य. पण नुसतं तेल हवं होतं, तर सद्दाम ते विकतच होता. संयुक्त राष्ट्रांच्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेखाली इराकचं तेल युद्धाआधी अमेरिकेतही जात होतं.

आता तुमच्या 'पुस्तकी गप्पां'कडे येतो. 26 जानेवारी 1998 रोजी 18 जणांनी तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांना पत्र लिहून सद्दामला सत्तेवरून हटवण्याची मागणी केली. सह्या करणाऱ्यांत रम्सफेल्ड, वुल्फोवित्झ, बोल्टन होते. सगळेच निओकॉन नव्हते, पण मागणी त्याच विचाराची होती. 2001 मध्ये रम्सफेल्ड संरक्षणमंत्री झाले, वुल्फोवित्झ त्यांचे उपमंत्री आणि बोल्टन परराष्ट्र खात्यात. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा कॅम्प डेव्हिड या अध्यक्षांच्या विश्रामस्थानी झालेल्या बैठकीत अफगाणिस्तानचा विषय चालू असताना वुल्फोवित्झ इराकवर हल्ल्याचा आग्रह धरत होते. विमानांचं अपहरण करणाऱ्या 19 जणांत इराकी एकही नव्हता.

आणि शिन्सेकी! अमेरिकेच्या या लष्करप्रमुखांनी 25 फेब्रुवारी 2003 ला सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की, युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांनी वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज साफ उडवून लावला. युद्ध जिंकायला लागेल त्याहून जास्त फौज नंतर शांतता राखायला लागेल, ही कल्पनाच त्यांना करवत नव्हती. इराकी जनता आपलं स्वागत करील, लोकशाही आपसूक रुजेल, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. विचारसरणी परराष्ट्र धोरणात शिरते ती अशी, फौजेच्या आकड्यापर्यंत. मग मे महिन्यात इराकचा कारभार पाहणारे अमेरिकी प्रशासक ब्रेमर यांनी इराकी लष्करच बरखास्त केलं आणि बंदूक चालवता येणारे लाखो लोक बेकार होऊन रस्त्यावर आले. पुढच्या रक्तपाताचं खापर एकट्या तेलावर कसं फोडता?

इस्रायल, ओबामा आणि लिबियाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात मी शिरत नाही, तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. मी कोणत्या पक्षाचा आहे हेही तुम्ही ठरवून टाकलंत. असो.

शिन्सेकींचा अंदाज तेलापायी नाकारला गेला, असं तुम्हाला वाटत असेल तर ते नीट मांडा. मी जरूर वाचेन आणि उत्तरही देईन.