आई, मावशी आणि ‘माझायलो’ आडनाव : कट्ट्यावरचा एक वाद

वाद पेटला तो एका शब्दावरून. मिकोला कुलिशच्या ‘मिना माझायलो’ (1929) या युक्रेनी प्रहसनात कुर्स्क या रशियन शहराहून एक बाई येते, ‘त्योत्या मोत्या’. भाषांतरात ‘त्योत्या’ या रशियन नात्याच्या शब्दाला मराठीत काय म्हणायचं?

‘‘आंटी,’’ बंड्या म्हणाला. ‘‘तिचा रशियन तोरा त्याच शब्दाने पोचेल.’’

‘‘मावशीच,’’ सुनीने ठामपणे सांगितलं. ‘‘युक्रेनीत ‘तित्का’ म्हटलं की मावशी, आत्या, काकू सगळ्या आल्या. मराठीला निवडावंच लागतं, आणि त्या निवडीत नाटकाची नस सापडते. मोत्या येते आईच्या बाजूने, तारासकाका येतो किव्हहून, बापाच्या बाजूने. भाषेवरून घर फुटतं ते नात्यांच्या रेषेवर.’’

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी अण्णांनी कथानक थोडक्यात मांडलं. मिना हा पुरुष आहे, खार्किव्हमधल्या कोळसा-कचेरीतला कारकून. ‘माझायलो’ म्हणजे माखणारा, गाड्यांच्या आखांना वंगण लावणारा. त्याला ‘माझेनिन’ असं रशियन वळणाचं आडनाव हवंय. मुलगा मोकी उलट्या टोकाचा: घराण्याच्या आडनावातला गळून पडलेला ‘क्वाच’, म्हणजे वंगणाचा कुंचला, त्याला परत जोडायचाय. आई लीना नवऱ्याच्या बाजूने, मुलगी रीनाही. मोकीला युक्रेनीचं वेड लागलंय म्हणून लीनाच्या बहिणीला, म्हणजे मोत्याला, कुर्स्कहून बोलावून घेतात.

‘‘म्हणजे ‘माय मरो पण मावशी उरो’,’’ बंड्या म्हणाला.

‘‘हो, आणि तेच भयंकर आहे,’’ सुनी म्हणाली. ‘‘इथे आई जिवंत असून तिची जागा मावशी घेते. साम्राज्य फौज घेऊन येत नाही, आईची बहीण म्हणून येतं. आंटी म्हटलंस की ती परकी होते, मग तिला हुसकून लावणं सोपं वाटतं. मावशीला दाराबाहेर काढता येत नाही.’’

अण्णांनी मागचा धागा काढला. जुना युक्रेनी नाटककार कार्पेंको-कारीच्या ‘मार्तिन बोरुल्या’ (1886) मध्येही नावाचाच घोळ आहे: जुन्या कागदात ‘बोरुल्या’ऐवजी ‘बेरुल्या’ पडलं आणि त्या एका अक्षरापायी मार्तिनचा खानदानीपणाचा दावा बुडतो. तो बाप मुलीला बजावतो, आम्हाला शेतकऱ्यांसारखं ‘तातो’, ‘मामो’ म्हणू नकोस, ‘पापिन्का’, ‘मामिन्का’ म्हण. त्याची बायको पलाझ्का मात्र जिथल्या तिथे आहे. स्तारित्स्कीच्या ‘दोन सशांमागे’ (1883) मध्ये मुलगी प्रोन्या बोर्डिंगात शिकून येते आणि रशियन-युक्रेनीची खिचडी, म्हणजे सुर्झिक, झाडते. आई याव्दोखा जुनंच बोलत राहते. त्या काळच्या प्रहसनांत घरच्या भाषेपासून पळतात ते बाप आणि मुली. आई घरची भाषा राखते, तीही भाषेसाठी म्हणून नाही. तिला दुसरी येतच नसते.

‘‘आणि 1929 मध्ये आईच पलीकडे जाऊन बसते,’’ सुनी म्हणाली. ‘‘कारण मधे गाव सुटलंय. खार्किव्ह तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी. 1923 पासून युक्रेनीकरणाचं धोरण, कचेऱ्यांत युक्रेनी सक्तीची. पण घरातली प्रतिष्ठा अजून रशियनला. म्हणून मोकीला भाषा आईकडून मिळत नाही, शब्दकोशातून आणि पुस्तकांतून मिळते. रीनाची मैत्रीण उल्या, तिला तो ‘ब्रिनीति’ या एका क्रियापदाच्या छटा समजावत बसतो: तार झंकारते, मधमाशी गुणगुणते. उल्या त्याला युक्रेनीपासून तोडायला पाठवलेली, ती स्वतःच विरघळते. आईविना मातृभाषा कशी शिकतात, ते त्या प्रवेशात आहे.’’

‘‘आपण माय मराठी म्हणतो. ते म्हणतात ‘रिद्ना मोवा’, ‘रिद’ म्हणजे कूळ, गोत,’’ अण्णा म्हणाले. ‘‘त्यांच्या शब्दात आई मुळात नाहीच, गोत आहे. मिनाला लाज वाटते तीही गोताचीच.’’

भाषांतरात गाडी कुठे अडते, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. बारोनोवा-कोझिनो ही शिक्षिका मिनाकडून ‘शुद्ध’ उच्चार घोटून घेते. युक्रेनीतलं ‘г’ हे अक्षर आपल्या ‘ह’जवळचं, रशियनमध्ये तेच ‘ग’. ‘लुगामी’ म्हणायचं तर मिनाच्या तोंडून ‘लुहामी’ निघतं. बंड्याने ‘न’ आणि ‘ण’ची जोडी सुचवली: ‘पानी’चं ‘पाणी’ करून घ्यायचं.

सुनीने ती तिथेच मोडली. ‘‘न-ण आणलास की प्रेक्षक जातीवर आणि गावठीपणावर हसणार. मिनाची भाषा अशुद्ध नाही, ती वेगळी भाषा आहे. सुर्झिकला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावणं हीही तीच चूक, त्याने बोली हास्यास्पद होते. ह-ग तसाच ठेवा, शिक्षिकेच्या हाती फळा द्या, दोनदा घोटून घेतलं की प्रेक्षकाला कळतं. मोकीला सकस, पूर्ण मराठी द्या, संस्कृतप्रचुर नको. आणि मावशीचं रशियन कुलिशने युक्रेनी लेखनपद्धतीत लिहिलंय. तिला हिंदी द्यायची तर मराठी ऱ्हस्व-दीर्घांत लिहा, नटीच्या तोंडी आपोआप वेडंवाकडं बसेल.’’

‘‘हिंदी दिलीस की इथलं राजकारण आत शिरतं,’’ अण्णा म्हणाले. यावर एकमत झालं नाही. मला स्वतःला अण्णांचं पटतं: रशियनला रशियनच राहू द्यावं, चार-पाच शब्द पुरतात.

मग ते वाक्य निघालं. युक्रेनी बनवलं जाण्यापेक्षा बलात्कार सोसणं जास्त सभ्य, असं मोत्या म्हणते. मूळ शब्द ‘सभ्य’ या अर्थाचाच आहे. ‘बरं’ असं सपाट भाषांतर केलं तर तिचं सगळं संस्कृतीपण निसटतं. बंड्याच्या मते इथे हशा हवा.

‘‘हशा येऊ दे, पण लीनाकडे पाहा,’’ सुनी म्हणाली. ‘‘बहीण हे बोलते तेव्हा आई खोलीत असेल तर ती काय करते? मान डोलावते? चहा ओतते? दिग्दर्शकाने ते ठरवलं नाही, तर मोत्या नुसती विदूषक होते आणि आई सामान.’’

शेवटी युक्रेनीकरणाला पद्धतशीर विरोध केल्याबद्दल मिनाची नोकरी गेल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. तो शेवट विजयाचा करावा का, यावर अण्णा एकदम गंभीर झाले. दिग्दर्शक लेस कुर्बासने खार्किव्हच्या ‘बेरेझिल’ नाट्यगृहात हे नाटक एप्रिल 1929 मध्ये रंगमंचावर आणलं. 3 नोव्हेंबर 1937 रोजी रशियातल्या सांदारमोखच्या जंगलात सोव्हिएत सत्तेने कुलिश आणि कुर्बास दोघांनाही गोळ्या घातल्या. ‘‘ज्या सत्तेने मिनाला काढलं, तिनेच मोकीला लिहिणाऱ्याला मारलं. म्हणून त्या बातमीवर टाळी घेऊ नका. वर्तमानपत्र वाचून झालं की दिवे तसेच ठेवा. लीना ज्या बहिणीला बोलावते, ती अजून घरातच आहे.’’