उसने वैर कसे जोपासावे

सोलापूरच्या होतकरू फुटबॉलप्रेमी वाचकहो, तुमच्या हौसेबद्दल कुणालाही शंका नाही. तुम्ही मध्यरात्री गजर लावून युरोपातले सामने पाहता, नव्या पेठेत घेतलेली जर्सी रंग उडाला तरी सोडत नाही, आणि कोणता खेळाडू किती कोटींना विकला गेला हे तुम्हाला घरच्या वीजबिलापेक्षा नीट ठाऊक असते. तरीही तुमच्यात एक मोठी उणीव आहे आणि ती कुणीतरी स्पष्टपणे सांगायलाच हवी. तुम्हाला अजून द्वेष करता येत नाही. गेल्या वर्षी तुम्ही बार्सिलोनाचे होता, यंदा दुसऱ्याच कुणाचे झालात, आणि त्यावरून घरात कुणी अबोला धरला नाही की ठरलेली सोयरीक मोडली नाही. अशा बिनधोक आवडीला करमणूक म्हणतात, निष्ठा म्हणत नाहीत. निष्ठा शिकायची असेल तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराची शिकवणी लावावी, कारण तेथे मूल पाळण्यात असतानाच ते सेल्टिक आणि रेंजर्स या दोन फुटबॉल क्लबांपैकी कोणाचे हे ठरलेले असते, आणि त्यावरून ते कॅथलिक की प्रोटेस्टंट, आयर्लंडच्या बाजूचे की ब्रिटनच्या राजमुकुटाच्या, हेही शेजाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलेले असते. शिवाय या दोघांचा सामना बहुधा तिथल्या भर दुपारी ठेवतात, म्हणजे लोकांच्या पोटात दारू फार जाण्याआधी तो उरकतो. पोलिसांच्या या दूरदृष्टीमुळे सोलापुरात तो आपल्याला संध्याकाळच्या चहाबरोबर पाहता येतो आणि गजर लावण्याचा त्रासही वाचतो.

इतिहास थोडा वाचावा, पण फार खोलात शिरू नये. रेंजर्स हा क्लब १८७२ मध्ये काही तरुण पोरांनी निव्वळ खेळण्याच्या हौसेने काढला. सेल्टिकची स्थापना १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या आयरिश धर्मबंधूने केली, ती शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे राहावेत म्हणून. पुढच्याच वर्षी मे महिन्यात दोघांची पहिली गाठ पडली, सेल्टिकने पाच विरुद्ध दोन गोलांनी सामना जिंकला, आणि नंतर दोन्ही संघ चर्चच्या सभागृहात एकत्र जेवायला बसले. ही सर्व माहिती समर्थकाच्या प्रकृतीला अपायकारक असल्यामुळे ती एकदा वाचून विसरून जावी. त्यानंतरचा भाग, म्हणजे दुष्काळाने आयर्लंडातून आलेले कॅथलिक मजूर, गोद्या आणि कारखान्यांतली कामे, कमी मजुरीत राबणाऱ्या परक्यांविषयी स्थानिकांची चीड, हे सगळे तर अतिशय रुक्ष आहे, कारण त्यात देवापेक्षा पगाराचा उल्लेख अधिक येतो. गिरण्यांच्या भोंग्यावर वाढलेल्या, आणि तेलंगण व कर्नाटकातून आलेल्या हातांवर उभ्या राहिलेल्या आपल्या शहरातल्या माणसाला हे प्रकरण नको तितके लवकर समजण्याचा धोका आहे. तेव्हा हे पान पटकन उलटावे.

माणूस ओळखण्याच्या बाबतीत मात्र सोलापूरकरांना ग्लासगोकडून शिकण्यासारखे फारसे काही नाही. तिकडे अनोळखी माणसाला ‘तू कोणत्या शाळेत होतास’ असे सहज विचारतात. १९१८ च्या शिक्षण कायद्यानंतर तिथल्या कॅथलिक शाळा सरकारी खर्चाने चालू लागल्या, आणि त्यामुळे शाळेच्या नावातच धर्म, क्लब आणि बहुधा राजकारणही एकदम कळून येते. आपल्याकडे हीच चौकशी अधिक आपुलकीने होते. आधी आडनाव, मग पेठ, मग मूळ गाव, आणि तरीही उलगडा झाला नाही तर ‘म्हणजे घरात कानडी बोलता का?’ येथपर्यंत गाडी येते. लक्षात घेण्याचा मुद्दा असा, की यात श्रद्धेला कोठेही जागा लागत नाही. कॅथलिक सेल्टिकवाल्याने रविवारी प्रार्थनेला जावे अशी कुणाची अपेक्षा नसते, आणि रेंजर्सच्या गॅलरीत मार्टिन लूथरने नेमके काय म्हटले असे विचारले तर प्रश्न विचारणाराच मार खाईल. धर्म पाळण्याची कटकट न ठेवता धर्मासाठी भांडण्याची जी मोकळीक फुटबॉलने दिली आहे, ती भल्या भल्या धर्मसंस्थांनाही देता आलेली नाही. उपास नाही, व्रत नाही, दानधर्म नाही, फक्त पंचाने पेनल्टी दिली नाही म्हणजे समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

आडनावावरून माणूस ओळखण्याचा सराव करताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून मात्र जरा घाईने जावे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात एकाच दिवशी फाशी देण्यात आले. ही नावे एका दमात वाचली की आपली चाळणी बिघडते आणि ती पुन्हा नीट बसवायला वेळ लागतो. रेंजर्स निवडणाऱ्यांनी तर आपण ज्या राजमुकुटाच्या नावाने घसा कोरडा करणार आहोत त्याच्याच सत्तेने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला होता, ही गोष्ट सामना संपेपर्यंत तरी मनात येऊ देऊ नये.

आता रंग. येथे तुम्हाला खरी मेहनत घ्यावी लागणार आहे, कारण ग्लासगोतले रंग जसेच्या तसे सोलापुरात उतरवता येत नाहीत. सेल्टिकचे हिरवे-पांढरे आडवे पट्टे तिकडे आयरिश कॅथलिकांचे, पण तीच जर्सी घालून तुम्ही कोणत्या गल्लीतून, कोणत्या सणाच्या आदल्या दिवशी जाता यावर इकडे तुमचा धर्म ठरेल. रेंजर्सचा निळा तिकडे राणीचा आणि राजाचा, इकडे तो बाबासाहेबांचा. म्हणजे एकाच जर्सीत तुम्ही साम्राज्याचे भाट आणि समतेचे सैनिक दोन्ही होऊन बसाल. त्यात भर म्हणून प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकांचा रंग नारिंगी आहे, आणि जुलैच्या बारा तारखेला ते १६९० मधल्या बॉइनच्या लढाईचा विजय ढोल वाजवत साजरा करतात. लांबून चित्रफीत पाहणाऱ्या सोलापूरकराला हे सर्व आपल्याच ओळखीचे वाटून तो चुकीच्या बाजूने नाचू लागण्याची शक्यता आहे.

झेंड्याची गोष्ट त्याहून नाजूक आहे. आयर्लंडच्या तिरंग्यात हिरवा कॅथलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा आणि मधला पांढरा दोघांमधल्या सलोख्याचा. म्हणजे नारिंगीवाल्यांना जो झेंडा डोळ्यांसमोर नको असतो, त्याचा एक तृतीयांश भाग त्यांच्यासाठीच राखून ठेवलेला आहे. हा झेंडा सेल्टिकच्या मैदानावर फडकत असे. १९५२ मध्ये मैदानातल्या दंगलीनंतर स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेने तो उतरवण्याचा हुकूम काढला, सेल्टिकने नकार दिला, आणि क्लबला लीगबाहेर काढण्यापर्यंत वेळ आली. त्या वेळी सेल्टिकच्या बाजूने उभा राहिला तो रेंजर्स क्लब. तुम्ही यातून बंधुभावाचा अर्थ काढण्याआधी थांबा. सेल्टिक गेले असते तर रेंजर्सने तिकिटे कोणत्या सामन्याची विकली असती? समर्थकांनी गळा काढून ‘एक इंचही मागे हटू नका’ म्हणावे आणि व्यवस्थापनाने गल्ल्यावरून नजर हटवू नये, ही श्रमविभागणी तेव्हापासून चोख चालू आहे.

गल्ल्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो. दोन्ही क्लबांच्या जर्सीवर वर्षानुवर्षे एकाच प्रायोजकाचे नाव झळकत आले. या शतकाच्या पहिल्या दशकात ते एका बिअरचे होते, आणि त्याआधी १९८० च्या दशकात खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका कंपनीचे. एकाच क्लबाला पैसे दिले तर अर्धे शहर आपला माल घेणार नाही, असा हा सरळ हिशेब होता. शतकांच्या वैरात छातीवर मात्र दोघांनी एकच जाहिरात मिरवावी, आणि त्यातही काचांचा व्यापारी दोन्ही बाजूंना सारखाच लाभात राहावा, यात मला तरी व्यवहाराची परमोच्च पातळी दिसते. सोलापुरात वैराचा प्रसार करू इच्छिणाऱ्यांनी प्रायोजकाची निवड करताना हे ध्यानात ठेवावे. चादरीचा व्यापारी चालेल, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवाला अधिक उत्तम.

निष्ठावंताला सर्वांत मोठा त्रास खेळाडूंकडून होतो, कारण ते चेंडू पाहतात, वंशावळ पाहत नाहीत. सेल्टिकने १९६७ मध्ये लिस्बनला इंटर मिलानला हरवून युरोपियन कप जिंकला. त्या संघातला प्रत्येक जण ग्लासगोच्या तीस मैलांच्या आतला, म्हणजे आपल्या हिशेबाने तुळजापूर-अक्कलकोटच्या टप्प्यातला. कॅथलिकांच्या या अभिमानाच्या क्षणी संघाचे प्रशिक्षक होते जॉक स्टीन, आणि ते प्रोटेस्टंट होते. केनी डॅलग्लिश लहानपणापासून रेंजर्सचा भक्त, पण तो नावारूपाला आला सेल्टिककडून. अशा वेळी चेहरा निर्विकार ठेवून ‘अपवाद असतात’ एवढेच म्हणावे, आणि अपवाद किती झाले हे मोजू नये.

मो जॉन्स्टनचे प्रकरण तर अभ्यासक्रमातच घ्यायला हवे. रेंजर्सने कित्येक दशके जाणूनबुजून कॅथलिक खेळाडू घेतला नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच तो कुणी मोडत नव्हते. १९८९ च्या उन्हाळ्यात सेल्टिकचा हा माजी खेळाडू जुन्या क्लबात परतणार असे जाहीर झाले, त्याला सेल्टिकची जर्सी घालून छायाचित्रकारांसमोर उभेही केले, आणि जुलैमध्ये तो जाऊन बसला रेंजर्समध्ये. सेल्टिकवाल्यांनी त्याला फितूर ठरवले, रेंजर्सवाल्यांनी आपल्याच क्लबाचे मफलर जाळले. दोन्ही गॅलऱ्यांना एकाच माणसाचा एकाच दिवशी इतका राग यावा हा ग्लासगोतला ऐक्याचा दुर्मीळ प्रसंग होता. नोव्हेंबरमध्ये त्याने सेल्टिकविरुद्ध अखेरच्या मिनिटांत विजयी गोल केला. काही कट्टर रेंजर्सवाले त्याचे गोल हिशेबात धरत नसत, असेही सांगितले जाते. आपल्याच संघाचा विजय अमान्य करण्याइतकी तत्त्वनिष्ठा तुमच्यात येईपर्यंत सराव चालू ठेवावा.

यापुढचा धडा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा, आणि त्यात हसण्यासारखे फार नाही हे मान्य करायला हवे. डिसेंबर १९४८ मध्ये विंडसर पार्कवर लिनफील्ड आणि बेलफास्ट सेल्टिक यांचा सामना संपताच प्रोटेस्टंट जमाव मैदानात घुसला आणि बेलफास्ट सेल्टिकच्या जिमी जोन्सचा पाय मोडला. कॅथलिकांचा क्लब म्हणून ज्याच्यावर राग काढला, तो जोन्स स्वतः प्रोटेस्टंट होता. त्याच मोसमाच्या अखेरीस बेलफास्ट सेल्टिकने लीग सोडली ती कायमची. नील लेनन उत्तर आयर्लंडकडून अनेक वर्षे खेळत होता, पण २००० मध्ये तो ग्लासगोच्या सेल्टिकमध्ये गेला आणि स्वतःच्या देशाच्या मैदानावर त्याची हुर्यो सुरू झाली. २००२ मध्ये सायप्रसविरुद्धच्या सामन्याआधी त्याला ठार मारण्याची धमकी आली, तेव्हा त्याने राष्ट्रीय संघाला कायमचा रामराम ठोकला. आपल्या देशाचा खेळाडू आपल्याच मैदानावर नकोसा करून दाखवणे ही वरच्या वर्गाची परीक्षा आहे. आपल्याकडचे विद्यार्थी या विषयात मागे पडतील असे मला वाटत नाही.

उसन्या वैराचेही उसने घेता येते, ही त्यातली आणखी एक सोय. ग्लासगोच्या गॅलरीत सेल्टिकवाले पॅलेस्टाइनचे झेंडे फडकवतात, म्हणून रेंजर्सवाले इस्रायलचे. यांतल्या बहुतेकांचा त्या भूमीशी संबंध तुमच्या-माझ्याइतकाच. पण समोरच्याने एक बाजू धरली की उरलेली बाजू आपोआप आपली ठरते आणि विचार करण्याचा वेळ वाचतो. तुम्ही सोलापुरात बसून सेल्टिकवाल्याचे आयर्लंड आणि आयर्लंडवाल्याचे पॅलेस्टाइन असे तिहेरी कर्ज काढू शकता, आणि त्यावर व्याज शेजाऱ्याकडून वसूल करू शकता.

हे सारे परदेशी असून आपल्या मातीत रुजणार नाही, अशी शंका काढणाऱ्यांना मुंबईचे जुने क्रिकेट दाखवावे. तेथे युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम असे धर्मवार संघ खेळत, आणि १९३७ पासून उरलेल्यांसाठी ‘रेस्ट’ नावाचा पाचवा संघ होता. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे उरलेल्यांत पडले. हिंदूंविरुद्ध त्यांनी ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या आणि तरीही त्यांचा संघ डावाने हरला. हिंदू संघाचे तरी सगळे एकदिलाने चालले होते असे नाही. चांभार कुटुंबात जन्मलेल्या पळवणकर बाळूंच्या गोलंदाजीवर संघ सामने जिंकत होता, पण कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्या वाट्याला १९२३ मध्ये आले, आणि तेही वर्षानुवर्षांच्या वादानंतर. म्हणजे ‘आपले’ एकत्र आले की पहिला प्रश्न आपल्यांतला नेमका कोण, हाच निघतो.

म्हणूनच सोलापुरात ग्लासगोचा नमुना राबवताना एक तांत्रिक अडचण येईल. ग्लासगोचे दोन क्लबांत भागते. आपल्याकडे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू या भाषा, प्रत्येक भाषेत धर्म, धर्मात जाती, जातीत पोटजाती आणि पोटजातीत दोन पक्षांचे दोन नगरसेवक, असे पाहता पार्क मैदानावर अख्खी लीग भरवावी लागेल आणि तरीही एखादा गट आपल्याला संघ दिला नाही म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसेल. कोल्हापूरकरांचा सल्ला या कामी घेऊ नये. ते फुटबॉलवरून जिवावर उठतात हे खरे, पण तालीम आणि पेठ यांच्या पलीकडे त्यांची नजर जात नाही.

राहता राहिला पंचाचा प्रश्न. पंच कोणत्या धर्माचा याची कुजबुज ग्लासगोत कायमची असते, आणि २०१० च्या नोव्हेंबरमध्ये सततच्या आरोपांना कंटाळून स्कॉटलंडच्या पंचांनी संपच केला, तेव्हा सामने पार पाडायला परदेशांतून पंच आणावे लागले. आपल्यालाही बाहेरचाच आणावा लागेल, आणि येण्याजाण्याच्या खर्चाच्या दृष्टीने पंढरपूर बरे पडेल. फक्त तो कोणत्या फडाचा आहे, याची चौकशी नाणेफेकीच्या आधीच करून ठेवावी.